सत्त्वाचं पाणी

आमच्याकडची इलेक्ट्रिक किटली सोमवारी सकाळी अल्पशा आजाराने वारली. तिच्या पश्चात एक वॉशिंग मशीन, एक गीझर, एक वाफेची इस्त्री आणि चहावाचून तळमळणारी चार माणसं असा परिवार आहे.

इस्त्री त्याच आठवड्यात गेली. आधी तिला ढास लागली. मग ती पांढरं थुंकू लागली, तेही नेमकं माझ्या काळ्या पँटवर. ऑफिसात लोक दिवसभर विचारत होते, घरी रंगकाम काढलंय का.

वॉशिंग मशीनची प्रकृती चिंताजनक आहे. गीझरला भेटायला कुणी येऊ नये.

(गीझर हा आमच्याकडचा तिसरा. पहिले दोन कसे गेले ते सांगत बसत नाही. दुसऱ्याच्या पोटातून मेकॅनिकने कॉइल बाहेर ओढली तेव्हा ती कॉइल राहिलेली नव्हती, पांढऱ्या दगडातलं नवशिल्प झालं होतं. बायकोने विचारलं, हे शोकेसमध्ये ठेवू या का? सूर विचारण्याचा नव्हता.)

मृत्यूचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही ते तोंडातून काढत नव्हतं.

जो शब्द काढायचा नाही तो

आमच्या नळाला येणारं पाणी जड आहे.

हे वाक्य कागदावर लिहायला सोपं आहे. आमच्या हॉलमध्ये ते म्हणून दाखवा. माझे बाबा पाणीखात्यातून निवृत्त झालेत, आणि तिथे ते पाइप मोजत नव्हते की बिलं पाठवत नव्हते. ते पाणी तपासायचे. आमच्या भागाला येणारा थेंब न् थेंब त्यांनी उभा जन्म काचेच्या नळीत घालून, उजेडाकडे धरून पाहिलेला आहे. त्या पाण्याला जड म्हणणं म्हणजे एखाद्या बापाला त्याच्याच दिवाणखान्यात, त्याचाच चहा पीत, ‘तुमची मुलगी अंमळ जडच आहे हो’ असं सांगणं.

बाबांचा स्वतःचा शब्द आहे. सत्त्व. पाण्यात सत्त्व असतं. बादलीच्या कडेला जमतं ते सत्त्व. शॉवरच्या भोकांत जे बसतं आणि ज्याच्यामुळे आमचा शॉवर फक्त डाव्या भिंतीला अंघोळ घालतो, तेही सत्त्व. साबणाला फेस येत नाही, कारण सत्त्वाचं पाणी उगाच फेसाळत नाही, त्याला पोच असतो. “हे सत्त्व पोटात जातं म्हणून या घरात कुणाचं हाड मोडलेलं नाही,” असं बाबा पाहुण्यांना सांगतात. माझा हात शाळेत असताना मोडला होता. पण तो सायकलने मोडला, पाण्याने नव्हे.

मग आमच्याकडची यंत्रं मरतात कशाने? पहिला गीझर विजेच्या कमीजास्त दाबाने. दुसरा कंपनीच्या नालायकपणामुळे. इस्त्री माझ्या आळसाने. आणि किटली, असं बाबांनी त्या सोमवारी पेपरातून डोकं वर न काढता जाहीर केलं, सूनबाईंनी ती रिकामी चालू ठेवल्यामुळे.

बायको उठून खोलीत गेली. हे लक्षण बरं नव्हे.

“मी किटली जाळली?” खोलीत आल्यावर तिने विचारलं.

“छे गं.”

“मग बाहेर गप्प का बसलात?”

“आता त्यांना काय सांगणार...”

“पाणी कसं आहे ते सांगा.”

“अगं, ते कसं सांगणार?”

“मग नका सांगू. पाणीच बदला.”

आईने दारातून डोकं आत घातलं. ती कपड्यांच्या घड्या घेऊन आली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. “बदलतोयस तर बदल,” ती म्हणाली, “पण त्यांना कळता कामा नये. निवृत्त झाल्यापासून त्या माणसाकडे दुसरं काही राहिलेलं नाही रे. एवढं पाणीच आहे.”

असं माझं काम ठरलं. राहत्या घरातलं पाणी बदलायचं, आणि जगातल्या ज्या एका माणसाला त्या पाण्याची नस न् नस माहीत आहे त्याच्या नाकाखाली बदलायचं.

समोरचे काका (यांना आम्ही उपायकाका म्हणतो)

समोरच्या दारात एक काका राहतात. त्यांच्याजवळ कुठल्याही गोष्टीवर उपाय असतो. तुम्ही जिन्यात नुसता सुस्कारा टाकलात तरी त्यांचं दार उघडतं.

“व्हिनेगर,” ते म्हणाले. “ओता, उकळा, फेकून द्या.”

नवी किटली आणली होती, तिच्याही तळाला आठवडाभरात पांढरी नक्षी उमटली होती. मी व्हिनेगर ओतलं. उकळलं. फेकून देणार एवढ्यात ऑफिसातून फोन आला, आणि साहेबांशी बोलायला मी बाल्कनीत गेलो. मधल्या काळात आईने त्याच पाण्यात चहाची पूड टाकून वर दूध घातलं.

बाबांनी कपात पाहिलं. कपात चहा आणि दूध एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

“हे काय झालं?”

“फाटलं वाटतं,” आई म्हणाली.

“दूधवाला बदला,” बाबा म्हणाले. आमच्याकडे तो बिचारा मी कॉलेजात असल्यापासून येत होता. तीन दिवस त्याला दारात उभं राहून शुद्धतेवर व्याख्यान ऐकावं लागलं, आणि मी आतून त्याच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

“मग लिंबाचं सत्त्व,” उपायकाका म्हणाले. (शब्द त्यांचा. मी दचकलो.) “पांढरी पूड मिळते. मशीनमध्ये टाका, रिकामंच फिरवा. आतला सगळा थर सुटून येतो.”

सुटून आला. मशीनच्या आत इतकी वर्षं गुण्यागोविंदाने राहिलेला थर खपल्या खपल्यांनी सुटला, एकदम बाहेर निघाला आणि पाणी जायच्या नळीत अडकला. मग पाण्याने दुसरा रस्ता धरला. मी पोचलो तेव्हा बाबांच्या चपला दिवाणखान्याच्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या, आणि त्यांत बाबा नव्हते.

तिसरा उपाय चुंबकाचा. पाइपाला दोन बाजूंनी चुंबक बांधायचे. त्यामुळे म्हणे पाण्यातले क्षार गोंधळून जातात आणि कुठे बसायचं ते विसरतात. क्षारांचं मला माहीत नाही. आईचा किल्ल्यांचा जुडगा मात्र नाहीसा झाला. सगळं घर शोधलं, गाद्या उलथ्या केल्या, कामाला येणाऱ्या बाईंना आडून विचारून झालं (त्यांनी दोन दिवस भांडी अशी आपटली की त्यांच्यावरचं सत्त्व आपोआप निघालं), आणि शेवटी जुडगा मोरीतल्या पाइपाला वटवाघळासारखा चिकटलेला सापडला.

“आता फक्त यंत्र,” उपायकाका म्हणाले. “पाणी मऊ करायचं यंत्र येतं. सॉफ्टनर. पण आधी तुमच्या पाण्याचा तपासणी अहवाल आणा. विकणारा विचारतो.”

खिडकी क्रमांक कुठलीतरी

पाणीखात्याच्या कार्यालयात मी अर्ज घेऊन उभा राहिलो. काचेपलीकडच्या बाईंनी अर्ज उलटा धरला, सुलटा धरला.

“जोडणी तुमच्या नावावर नाही.”

“वडिलांच्या नावावर आहे.”

“मग त्यांची सही लागेल.”

“त्यांची सही घेता आली असती तर मी इथे आलो नसतो,” हे मनात. उघड म्हणालो, “त्यांना जिने चढवत नाहीत.”

बाईंनी नाव वाचलं आणि त्यांचा चेहराच बदलला. “अय्या! साहेबांचे चिरंजीव तुम्ही? अहो, मग अहवाल कशाला हवा? साहेबांनाच विचारा की! पाण्यातलं त्यांच्याएवढं इथे कुणाला कळतं? थांबा, मी फोनच लावते, आम्हालाही बोलायचं होतं त्यांच्याशी...”

मी तिथून कसा बाहेर आलो ते विचारू नका. छत्री अजून तिकडेच आहे.

शेवटी यंत्रवाल्याने आपलीच बाटली आणली. पाण्यात चिमूटभर पूड टाकली, पाणी लाल झालं. जड पाणी असं लाल होतं, मग त्यात औषधाचे थेंब टाकत जायचे, आणि ते निळं व्हायला जितके थेंब लागतील तितकं पाणी जड. तो थेंब टाकत राहिला. टाकत राहिला. मध्ये एकदा त्याने हात बदलला.

“साहेब,” तो म्हणाला, “हे तुम्ही पिता? याच्यावर एखादा मजला सहज चढवता येईल.”

मला, का कोण जाणे, राग आला. आमच्या पाण्याला आम्ही काहीही म्हणू. हा कोण?

टोपली

बाबा दातांच्या डॉक्टरकडे गेले असताना यंत्र बसलं. मागच्या बाल्कनीत, जिथे पाइप घरात शिरतो तिथे. कमरेएवढं उंच, निळं, गोल आणि अजिबात न लपणारं.

त्याला झाकायची कल्पना बायकोची. वेताची एक उंच टोपली आणली, मळके कपडे टाकायची असते तसली, झाकणाची. तिचा तळ कापला आणि ती वरून यंत्राला घातली. वर झाकणाखाली वीतभर अंतरावर एक ताटली बसवली आणि कपडे त्यात टाकायचे ठरलं. यंत्र गायब. मागच्या बाल्कनीत एक सभ्य, घरंदाज टोपली उभी. मी तिच्याकडे मागे-पुढे होऊन पाहिलं आणि मनात म्हटलं, आपल्यात कुठेतरी एक मोठा गुन्हेगार दडलेला आहे.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तिच्यात बनियन टाकला. मग टॉवेल. मग झाकण बसेना.

“काय गं,” ते आईला म्हणाले, “ही टोपली एवढी धिप्पाड, आणि दोन कपड्यांत भरते कशी?”

“हल्ली वस्तूच तशा येतात,” आई म्हणाली. चाळिसेक वर्षांच्या संसारात तिला खोटं बोलायचा सराव नव्हता असं मी इतके दिवस समजत होतो.

हे यंत्र अधूनमधून स्वतःला धुऊन काढतं. ते कधी धुवायचं याचं घड्याळ माझ्या हातून चुकीचं लागलं. त्यामुळे दुपारी, बाबा नुकते आडवे झालेले असताना, टोपली गुळण्या करायला लागायची. आधी घशातल्या घशात, मग खाकरून, मग एक दीर्घ, तृप्त घोट.

“बाल्कनीत कोण आहे?”

“कबुतर,” मी.

“कबुतराच्या घशाला झालंय काय?”

घशावरून आठवलं. या यंत्राला मीठ लागतं. चिमूटभर नव्हे, पोत्याने. पहिलं पोतं खांद्यावर घेऊन मी जिना चढत होतो आणि अर्थातच समोरचं दार उघडलं. यंत्र घेतल्याचं मी काकांपासूनही लपवलं होतं, कारण त्यांना सांगणं म्हणजे बाबांना सांगणं, फक्त मध्ये एक जिना.

“एवढं मीठ?”

“गुळण्यांना,” मी म्हणालो. माणसाच्या तोंडी ऐन वेळी काय येईल हे त्याच्या हातात नसतं. “घसा धरलाय जरा.”

काकांनी पोत्याकडे पाहिलं. माझ्या गळ्याकडे पाहिलं. संध्याकाळी त्यांनी एका घशाच्या डॉक्टरांचा पत्ता, एक काढा आणि एक मफलर पाठवून दिला. तो मफलर मला ऐन उन्हाळ्यात पंधरवडाभर घालून हिंडावं लागलं, कारण काका दारातच असायचे.

पण पाणी! पाण्याचं काय सांगू. किटली आतून आरशासारखी. नळ चकाकायला लागले. शॉवर सरळ डोक्यावर पडू लागला, आणि पहिल्या दिवशी मी सवयीने डाव्या भिंतीला टेकून कोरडाच उभा होतो. बायको ग्लास उजेडाकडे धरून हसली. किटलीचं तिने पुन्हा काढलं नाही. पण टेबलावर बाबांना चहा देताना ती कप जरा जोरातच ठेवायची.

यंत्राला जोडायचा राहिलेला बाबांच्या न्हाणीघराचा पाइप बाबा पुन्हा दातांच्या डॉक्टरकडे गेले तेव्हा जोडला. मग बाबांची अंघोळ झाली.

म्हणजे, सुरू झाली

जड पाण्यात फेस यावा म्हणून जन्मभर साबणाची वडी अंगावर घासून घासून अर्धी करणाऱ्या माणसाने तितकाच साबण, तितक्याच जोराने, मऊ पाण्यात लावला तर काय होतं, याचा विचार माझ्या, बायकोच्या, आईच्या आणि यंत्रवाल्याच्या, अशा चार डोक्यांतल्या एकाही डोक्यात आला नव्हता, आणि तो आला तेव्हा दाराच्या फटीतून फेस हळूहळू, निवांत, सुट्टीवर निघाल्यासारखा पॅसेजमध्ये येत होता.

“बाबा?”

आतून पाण्याचा आवाज.

“बाबा, ठीक आहे ना?”

“निघत नाहीये!”

“काय?”

“साबण! निघतच नाहीये! अंग बुळबुळीतच लागतंय!”

घरातल्या सगळ्या बादल्या झाल्या. टाकीचा तळ दिसला. बाबा बाहेर आले तेव्हा लाल झालेले होते, बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या, कानात फेस होता. ते तडक स्वयंपाकघरात गेले, नळाचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात घोळवलं आणि डोळे मिटून उभे राहिले.

आम्ही तिघं दारात.

बाबांनी डोळे उघडले. मी त्यांना असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“सत्त्व गेलं,” ते म्हणाले. “पाण्याला काहीतरी झालंय.”

तक्रार (बाबांच्या बाजूने ऐकू आली तेवढी, पलीकडचा आवाज फोन स्पीकरवर लावल्यामुळे)

— तक्रार लिहून घ्या.

— बोला काका. पाणी येत नाही?

— येतं.

— कमी येतं?

— भरपूर येतं.

— घाण येतं? वास? गढूळ?

— स्वच्छ आहे.

— मग तक्रार काय आहे?

— मऊ येतंय.

— काय येतंय?

— मऊ! म-ऊ!

— काका, आमच्याकडे मऊचा रकाना नाही.

— मग काढा! मी तिथे होतो तेव्हा रकाने कमी पडले की आम्ही काढायचो! तुमच्या साहेबांना द्या फोन.

साहेबांना फोन गेला. साहेब म्हणजे बाबांच्या हाताखाली काम शिकलेले एक गृहस्थ. आता त्यांचेही केस पांढरे झाले होते, पण बाबांच्या लेखी ते अजून नवे होते. “तुम्ही म्हणताय म्हणजे काहीतरी असणारच, साहेब,” ते म्हणाले. “मी स्वतः येतो.”

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने आईकडे पाहिलं. आईने मागच्या बाल्कनीकडे पाहिलं. “आत्ताच सांगून टाक,” ती पुटपुटली. मी म्हटलं, उद्या सांगतो. साहेब उद्याच आले.

निळं

ते पेटी घेऊन आले, बूट बाहेर काढले, बाबांना वाकून नमस्कार केला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. इतक्या वर्षांनी त्यांच्याकडे खात्यातलं कुणीतरी कामासाठी आलं होतं. आईने खुर्च्या मांडल्या. उपायकाका न बोलावता येऊन दारात उभे राहिले.

साहेबांनी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बाटलीत घेतलं आणि त्यात पुडीची चिमूट टाकली.

पाणी निळं झालं.

लाल नाही. थेंब टाकण्याची वेळच आली नाही. सरळ निळं.

साहेबांनी बाटली हलवली. पुडीच्या डबीवरची तारीख वाचली. दुसऱ्या डबीतली पूड टाकली. निळं. मग ते बाटली घेऊन समोरच्या घरी गेले. काका उत्साहाने पुढे धावले, “आमच्याकडे व्हिनेगरही आहे हं!” थोड्या वेळाने साहेब परत आले. त्यांच्या हातातली बाटली लालबुंद होती आणि चेहरा उतरला होता.

“साहेब, समोर आपलं पाणी येतंय.”

“मग?”

“इथे आपलं येत नाहीये.”

“म्हणजे?”

साहेब फरशीकडे बघत राहिले. “म्हणजे... पाणी मऊ करायचं यंत्र तर तुम्ही घरात येऊ देणार नाही. मग या घरात दुसरीकडचं पाणी घेतलंय. बाहेरून कुठूनतरी... जोडून.”

अधिकृत जोडणी असताना गुपचूप दुसरं पाणी घेणं म्हणजे काय, हे त्या हॉलमध्ये सगळ्यात चांगलं ज्यांना माहीत होतं ते खुर्चीवर ताठ बसले होते.

“चोरीचं पाणी,” बाबा म्हणाले. “माझ्या घरात.”

“तसं नाही म्हणालो मी, साहेब...”

“नियम काय आहे?”

“जाऊ द्या ना, साहेब. मी काही पाहिलंच नाही असं...”

“नियम काय आहे ते सांग.”

“त्याच दिवशी अहवाल द्यायचा,” साहेब अगदी हळू म्हणाले. “चौकशी होईपर्यंत जोडणी बंद. आणि नोटीस... ज्याच्या नावावर जोडणी असेल त्याच्या नावाने. कार्यालयात लावायची.”

“माझ्या नावावर आहे. लिही.”

“साहेब...”

“तुला मी शिकवलंय ना? लिही म्हटलं ना!”

आवाज खणखणीत होता. पण शर्टाचं वरचं बटण ते उगाचच पुन्हा लावत होते. ज्या कार्यालयात काचेपलीकडच्या बाईंचा चेहरा त्यांचं नाव वाचून उजळतो, त्या कार्यालयाच्या भिंतीवर ते नाव पाणीचोर म्हणून लागणार होतं, आणि ते स्वतः स्पेलिंग सांगायला बसले होते.

पाण्याला जड म्हटलं तर बाबांना काय वाटेल, या एका भीतीपायी मी दूधवाल्याला छळलं होतं, मफलर घातला होता, कबुतरावर आळ घेतला होता. आता ती भीती कुठे ठेवली होती तेच मला सापडेना.

मी उठलो. मागच्या बाल्कनीत गेलो. टोपलीचं झाकण काढलं, बाबांचा बनियन काढला, टॉवेल काढला, आणि टोपली धरून वर उचलली. ती अडकली. नाट्यमय क्षणी माझ्या आयुष्यात वस्तू अडकतातच. बायको आली आणि तिने दुसरीकडून धरलं. सगळे मागोमाग आले होते.

“हे काय आहे?” बाबा.

“यंत्र आहे. पाणी मऊ करायचं. पाणी आपलंच आहे बाबा, चोरीचं नाही. मीच बसवलं.”

“कशासाठी?”

बायको माझ्याकडे बघत होती. आई कठड्याला धरून उभी होती.

“पाणी जड आहे, बाबा,” मी म्हणालो. “फार जड आहे. गीझर त्यानेच गेले. इस्त्री त्यानेच गेली. किटलीसुद्धा.”

खात्याचे साहेब वरच्या तारेवरच्या कपड्यांचं बारकाईने निरीक्षण करू लागले. उपायकाकांना जन्मात पहिल्यांदा काही सुचलं नाही.

बाबा यंत्राभोवती एक फेरी मारून आले. वाकले. पाइप कुठून येतो, कुठे जातो, बोटाने माग काढत पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“काय रे,” ते साहेबांना म्हणाले. “या भागाचे अहवाल आहेत ना अजून? माझ्या सहीचे?”

“आहेत तर, साहेब.”

“त्यात मी काय लिहायचो?”

“‘पाणी पिण्यास योग्य’, साहेब.”

“गीझरला योग्य, असं कुठे लिहिलंय?”

“नाही, साहेब.”

“इस्त्रीला?”

“नाही.”

“साबणाला, मशीनला, किटलीला, कशाला तरी?”

“कुठेच नाही, साहेब.”

“नाहीच लिहिणार,” बाबा म्हणाले. “जडच होतं ते. पहिल्या दिवसापासून. मला काय माहीत नव्हतं? पण लोक म्हणायचे, तुमचं पाणी खराब. मी म्हणायचो, खराब नाही. ते खराब नव्हतंच.” त्यांनी यंत्रावर बोटाने एकदा टिचकी मारली. मग बायकोकडे वळले, पण तिच्याकडे न बघता तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, “आणि तू गं... तुझा काही दोष नव्हता. मी बोलायला नको होतं.”

बायकोने पदर-बिदर काही डोळ्यांना लावला नाही. ती म्हणाली, “चहा टाकते.” पण ती जागची हलली नाही.

“तुम्ही माहीत असून एवढी वर्षं...” आईने सुरुवात केली.

“तू माहीत असून एवढी वर्षं माझ्यापुढे सत्त्व सत्त्व म्हणत होतीस ना?” बाबा म्हणाले. “मग झालं तर.”

यावर आईला हसू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकून पेटी आवरायला घेतली. बाबांनी त्यांच्या हातून आमच्या पाण्याची बाटली काढून घेतली आणि बाल्कनीच्या कठड्याशी, उजेडात, डोळ्यांच्या रेषेत धरली. उभा जन्म त्यांनी ज्या निळ्यासाठी थेंब थेंब टाकत वाट पाहिली होती ते पहिल्याच चिमटीला आलेलं होतं.

“मी हे पिणार नाही हं,” ते मला म्हणाले. “माझा पिण्याचा नळ जुन्या पाण्यावरच ठेवायचा. सांगून ठेवतो.”

“हो, बाबा.”

ते बाटली खाली ठेवायला तयार होईनात.

“पण रंग बघ,” ते म्हणाले. “रंग काय सुरेख आलाय.”